लाल भाताची मुडी

माझ्याकडून आजवर काही हरवलं नाही. पूर्वी हे मी मान ताठ करून सांगायचे. आता सांगते तेव्हा समोरच्याकडे बघवत नाही.

कर्जतला आमच्या ख्रिस्ती मंडळीचं मुलींचं एक लहानसं वसतिगृह होतं. तिथली कोठी मी सव्वीस वर्षं सांभाळली. तांदूळ, डाळ, साबण, चादरी, सगळं माझ्या कुलपात आणि चाव्यांचा जुडगा कमरेला. मुली माझ्या माघारी मला 'कुलूपबाई' म्हणायच्या. मला ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोलू, आवडायचंही. आमच्या शास्त्रात कारभाऱ्याला मोठा मान आहे. घर धन्याचं, माल धन्याचा, आपण नुसते राखणारे. धनी परत येईल तेव्हा त्याने 'शाबास' म्हणावं, एवढीच आपली कमाई. त्या एका शाबासकीसाठी मी जन्मभर चमच्यांवरसुद्धा पहारा दिला म्हणा ना.

एका वर्षी कुणा भल्या माणसाने डझनभर लोकरी ब्लँकेटं दिली. पाहुण्यांसाठी असू देत म्हणून मी ती पेटीत घातली. थंडीत मुली जुन्या गोधड्यांत दोघी-दोघी चिकटून झोपायच्या, आणि पेटी माझ्या खोलीत बंद. तिसऱ्या वर्षी खरंच मोठे पाहुणे आले, मी थाटात पेटी उघडली, तर ब्लँकेटांची चाळण झालेली! कसरीने एकही सोडलं नव्हतं. मी कपाळाला हात लावून बसले. तेव्हा आमची भाकरीवाली मावशी दारातून डोकावली आणि म्हणाली, "बरं झालं गं बाई. किड्यांना तरी ऊब मिळाली."

ही मावशी कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला जी ठाकरवाडी आहे, तिथली. वसतिगृहात रोज पन्नास-साठ भाकऱ्या थापायची. ती ख्रिस्ती नव्हती. प्रार्थनेला मागे बसायची, पण कान तव्याकडे. तोंडाची फटकळ. मला 'बाई' म्हणायची आणि अरे-तुरे करायची; तिच्या वाडीत सगळेच सगळ्यांना तसं बोलतात. मी शिकलेली, ती अंगठेबहाद्दर, पण मला तोंडावर बोलण्याची हिंमत त्या सगळ्या इमारतीत एकटीची.

पुढे वसतिगृह बंद पडलं. मी दहिवलीत दोन खोल्या घेऊन राहिले, ती वाडीवर गेली. बाजाराला खाली उतरली की माझ्या ओट्यावर टेकायची, चहा प्यायची आणि शेताच्या गोष्टी सांगायची. तिचं शेत म्हणजे उतारावरचा एवढासा तुकडा. त्यात ती एक जुनं लाल भात लावायची. त्याला नाव नव्हतं, लाल भातच म्हणायचे. तिच्या सासूने ते तिला दिलेलं, सासूला तिच्या सासूने. पीक थोडं यायचं, पण पाऊस दडी मारून बसला तरी तग धरायचं, आणि बाळंतिणीला त्याची पेज द्यायला वाडीतल्या बायका मागून न्यायच्या.

वाडीत बियाण्याची एक रीत होती. बी मागायला आलेल्याला उंबऱ्यावरून रिकामं धाडायचं नाही. नेणाऱ्याने सुगीनंतर नेलं त्याहून ओंजळभर जास्त आणून द्यायचं. एखाद्या साली रानडुकरांनी हिचं शेत उधळलं, तर बी दुसऱ्या घरून परत यायचं. "माझं बी चार घरांत झोपतं," ती म्हणायची. "एक घर जळलं तरी तीन हायेत." पण अलीकडे सगळ्यांनी दुकानातलं बी धरलं. चार घरांचं एक घर उरलं, ते तिचं.

तीन वर्षांमागे, सुगी नुकती आटपली होती तेव्हा, मावशी खळ्यावर पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिची मुलगी आणि जावई खालापूरकडे एका फार्महाऊसवर राखणीला आहेत, तिथून डॉक्टर जवळ, म्हणून मुलगी तिला घेऊन जाणार होती. जाता जाता तिने रिक्षा माझ्या दारात थांबवायला लावली. उतरता येत नव्हतं. मांडीवर पेंढ्याची गोल मुडी, बाहेरून वाखाच्या दोरीने आवळलेली. आत दोन पायल्या लाल भात, बियाण्याचं.

"हे तुज्याकडं ठेव," ती म्हणाली. "मी घरात नसले की सून शिजवून टाकील. तुज्याकडून काय हरवत नाय."

मुडी मी दोन्ही हातांनी घेतली. रिक्षा सुरू झाली तशी ती पुन्हा ओरडली, "ऐक गं! पेरणीला कुणी मागितलं तर दे. सालाच्या साली मातीत गेलं पायजे."

तिने हे सांगितलं होतं, आणि मी ते नीट ऐकलं होतं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

मुडी घरात आली आणि माझी कोठी पुन्हा सुरू झाली. पेंढ्यात उंदीर शिरतील म्हणून मी भात काढून स्टीलच्या मोठ्या डब्यात भरलं. तीन दिवस उन्हात वाळवलं. थरावर थर कडुलिंबाचा पाला आणि सुक्या मिरच्या घातल्या. झाकणाला कडेने चिकटपट्टी लावली आणि डबा पोटमाळ्यावर, पत्र्याच्या खाली, कोरड्या जागी ठेवला. पोटमाळ्याच्या फळीला कुलूप. वसतिगृह गेल्यापासून हाताला काम नव्हतं. खरं सांगते, त्या कुलपाची चावी कमरेला लागली तेव्हा मला पुन्हा माणसात आल्यासारखं वाटलं.

पहिल्या वर्षी पेरणीच्या तोंडावर मावशीची सून आली. टोपलीत करवंदं घेऊन, वाडीवरून चालत. ओट्याच्या खाली उभी राहिली.

"सासूनं निरोप धाडलाय. बाईकडून लाल भात घे नि पेर म्हणली."

निरोप कुणाकडून आला, म्हणून मी विचारलं. तिने कुणा नातेवाइकाचं सांगितलं. मी म्हटलं, सासू तर मला म्हणाली होती की तू शिजवून टाकशील! हे मी तिच्या तोंडावर म्हटलं, शेजारची बाई कपडे वाळत घालत होती तिच्यादेखत. सुनेने हातातली करवंदांची टोपली ओट्यावर ठेवली आणि गेली. मी मनात म्हटलं, बघा, खरी असती तर भांडली असती.

फोन करून विचारता आलं असतं. मुलीचा नंबर माझ्या वहीत होता. मी केला नाही. का केला नाही, याचं उत्तर मला फार उशिरा सापडलं. मावशीने 'हो, मीच सांगितलं' म्हटलं असतं तर डबा द्यावा लागला असता.

त्याच हिवाळ्यात आमच्या मंडळीतल्या बायकांच्या सभेत मला बोलायला सांगितलं. विषय, विश्वासू कारभाऱ्याचे गुण. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "बाई, ह्या विषयावर तुमच्याशिवाय कुणी बोलायचंच नाही." मी फुगले. कागदावर गुण लिहून नेले: प्रामाणिकपणा, जागरूकता, दुसऱ्याची वस्तू आपली न मानणं, हिशेबाला सदा तयार असणं. वर उदाहरण म्हणून लाल भाताचा डबाही सांगून टाकला, नाव न घेता. बायकांनी माना डोलावल्या.

सभा झाल्यावर चहा घेताना मी पाळकसाहेबांशी माझा जुना वाद उकरून काढला. शास्त्रात ठेवीचा एक दाखला आहे, म्हणजे बोधकथा; त्यात तीन चाकर आहेत. दोघे धन्याची ठेव कामाला लावून वाढवतात. तिसरा ती जमिनीत पुरून ठेवतो आणि धनी आल्यावर जशीच्या तशी काढून देतो. आणि धनी त्यालाच हाकलतो! मला लहानपणापासून त्या तिसऱ्याची कीव यायची. मी म्हटलं, "साहेब, त्याने चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही. मग त्या बिचाऱ्याचं चुकलं कुठे?"

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. "बाई, तो स्वतःच सांगतो की मला भीती वाटली. ठेव राखली ती धन्यासाठी नाही. आपल्यावर बोल येऊ नये म्हणून राखली."

"बोल येऊ नये असं वाटण्यात वाईट काय?"

"वाईट काहीच नाही," ते हसून म्हणाले. "पण त्यात धनी कुठे आहे?"

पालथ्या घड्यावर पाणी. मला वाटलं, तरुण आहेत, कोठी कधी सांभाळलेली नाही, त्यांना काय कळणार.

दुसऱ्या वर्षी आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाचे भाई स्वतः घरी आले. कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, आणि कडावला त्यांची भातशेती. सभेतली माझी गोष्ट फिरत फिरत त्यांच्या कानावर गेली होती.

"बाई, ते भात दोन सालं डब्यात हाय म्हणता?" त्यांनी विचारलं. "मला देऊ नका. बांधाजवळचे चार वाफे मी मोकळे ठेवतो, तुमी स्वतः येऊन पेरा. कापणीला तुमीच उभ्या राहा. पण औंदा पेरा. भाताचं बी लई दम धरत नाय. सोनं असतं तर गोष्ट येगळी."

किती सभ्यपणे बोलले! मी काय म्हणाले? मी म्हणाले, "भाई, तुमच्या शेतातलं दुसरं भात त्यात मिसळलं तर त्या म्हातारीला मी काय तोंड दाखवू? आणि उद्या दुकानात लाल तांदूळ म्हणून विकायला ठेवलं तर?"

त्यांचा चेहरा उतरला. "तसं नाय बाई," एवढंच म्हणाले आणि चपला घालून गेले. दर ईदला त्यांच्या घरून शेवया यायच्या, त्या वर्षीही आल्या. मी त्या खाल्ल्या, हेही लिहून ठेवते.

पण माझी खरी पापं मोजायची तर सगळ्यात वर खालापूरची भेट. त्याच दिवाळीत मी मावशीला बघायला गेले. फार्महाऊसच्या मागे जावयाची खोली होती, बाहेर बाजेवर ती बसलेली. वाळून काटकी झालेली. काठीच्या आधाराने चार पावलं टाकून दाखवली आणि लहान मुलीसारखी खूश झाली. मग हळूच म्हणाली, "माजं भात कसं हाय गं? निसवलं का चांगलं?"

तिला वाटत होतं, सुनेने नेलं, पेरलं, कणसं आली. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "तू काळजी करू नकोस. एक दाणा इकडचा तिकडे झाला नाही."

ती समाधानाने हसली. तिला जे ऐकायचं होतं ते तिने ऐकलं आणि मी ऐकू दिलं. वाटलं, बरी होऊन आली की सगळा डबा हातात देऊ, तेव्हा किती आनंद होईल हिला. माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच, पण त्या दिवशी तिला लाजही नव्हती.

यंदा उन्हाळा सरता सरता मावशी वाडीवर परत आली. निरोप आला, सुगीनंतर तुझ्याकडे परत आलं असेल ते बी घेऊन ये, एकदा माझ्या हातानं पेरते, मग देव नेवो. मी नवी साडी नेसले. पोटमाळ्यावरून डबा उतरवला. रिक्षाने कोंडाण्यापर्यंत आणि पुढे चढण चढून वाडीवर. लेण्यांकडे निघालेल्या पोरांनी विचारलं, "आजी, डबा घेऊ का?" मी म्हटलं, "हात लावू नका."

मावशी ओट्यावर बसली होती. मी चिकटपट्टी सोडवली, झाकण उघडलं. दाणा न् दाणा लखलखीत! ना सोंडा, ना जाळी. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

तिने मूठभर भात हातात घेतलं. वास घेतला. माझ्याकडे बघितलं. "हे कुठल्या सालचं?"

"तू दिलंस तेच."

"तेच?"

तिने तेच मूठभर भात पाण्यात भिजत घातलं. दुसऱ्या दिवशी ते फडक्यात बांधून उबेला पेंढ्यात ठेवायचं, मग मोड येतात की नाही ते कळतं. मी दहिवलीला परतले, आणि चौथ्या दिवशी पेढे घेऊन गेले. हो, पेढे. मोड आले की वाडीत वाटायचे म्हणून.

फडकं सोडलं तर आंबूस वास आला. दाणे फुगलेले, पण पांढरं टोक एकालाही नाही. मावशीने एकेक दाणा नखाने दाबून बघितला. मग म्हणाली, "वरचं आसंल. खालचं बगू." डब्याच्या तळातून तिने दुसरी मूठ काढली आणि पुन्हा भिजत घातली.

"एक आला तरी पुरे," ती म्हणाली. "एका दाण्याची लोंबी हुती. लोंबीची ओंजळ हुती. दोन सालांत शेत हुतं."

ते तीन दिवस मी जशी प्रार्थना केली तशी सव्वीस वर्षांत केली नव्हती. एकच दाणा, प्रभू. मी भाईंच्या पाया पडेन, सुनेच्या पाया पडेन. एकच. आणि मध्येच मला कळायचं की मी अजून माझीच सुटका मागते आहे.

एकही आला नाही.

मावशीने फडकं पुन्हा बांधून मांडीवर ठेवलं. सून दारात उभी होती. मावशीने विचारलं, "दोन सालं पेरलंच नाय?"

"नाही."

"कुणी मागितलं नाय?"

इथे मी खोटं बोलले असते तर सून गप्प राहिली असती. पहिल्या दिवसापासून ती गप्पच होती. मी म्हटलं, "ही आली होती. दुकानाचे भाई आले होते. मी दिलं नाही."

मावशीने सुनेकडे मान वळवली. "तू मला सांगितलं नाय ते?"

"काय सांगू?" सून म्हणाली. "बाईनं मला चारचौघांत चोर ठरवली, ते सांगू?"

मी ओट्याच्या कडेला बसून रडायला लागले, अगदी हुंदके देऊन. साठी उलटलेल्या बाईने असं रडावं का, पण रडले. वाटलं, आता ही मला तिच्या भाषेत चार सुनावेल. ब्लँकेटांच्या वेळी सुनावलं होतं तसं. मी वाटच बघत होते.

ती सुनेला म्हणाली, "डबा घे. कांड."

"आत्या, सगळं?"

"मग काय पुजायचंय? जुनं भात खायाला ग्वाड लागतं."

सुनेने उखळात भात ओतलं. मुसळाचा आवाज सुरू झाला. जे शिजवून टाकील म्हणून मी त्या पोरीला हाकलून दिलं होतं, ते तिच्याकडूनच कांडून घेतलं जात होतं आणि मी समोर बसले होते. चूल पेटली, तांबूस भात शिजला, सोबत सुकटीची चटणी. मावशीने पहिलं ताट सुनेला वाढायला लावलं. दुसरं माझ्यापुढे सरकवलं.

माझा हात उठेना. मावशी काठी टेकत माझ्याजवळ येऊन बसली आणि पाठीवर हात ठेवला.

"रडू नको. तू नीट ठेवलंस गं बाई," ती म्हणाली. "किडा नाय, खडा नाय, एक दाणा सांडला नाय. शाबास तुजी."

टोमणा असता तर मी ओळखला असता. जन्मभर तिचे टोमणे खाल्लेत. तो टोमणा नव्हता. तिचं सगळं गेलं होतं, आणि ती माझी समजूत घालत होती. ज्या शब्दासाठी मी जन्मभर कुलपं लावली, तो मला त्या ओट्यावर मिळाला, तिच्या शेवटच्या भातासमोर, तिच्याच तोंडून.

"खा," ती म्हणाली. "निवेल."

ती बघत होती म्हणून मी घास तोंडात घातला. भात खरंच गोड होता.